ताटावरून उठवलेला पाहुणा

चंडीगड, मंगळवार

काल पोलिसांनी भावजींना भरल्या ताटावरून उठवून नेलं. का, तर बाहेरचा माणूस मुक्कामाला आला की ठाण्यात कळवायचं, हा सध्याचा नियम. साताऱ्याहून आलेला माझा सख्खा दीर काय अतिरेकी? चुगली शेजारच्या आहुजांची. भावजींना सोडलं, पण ते जेवले नाहीत. थालीपीठ तसंच राहिलं.

आणि आज तेच आहुजा मिठाई घेऊन दारात! रविवारी मुलीचं लग्न, लुधियानाचं वऱ्हाड त्यांच्याच घरी उतरणार. विचारलं, ठाण्यात कळवलंत? हसले. "अपने ही लोग हैं, भाभीजी."

मीही हसले. आत आले, तर ते झाकलेलं थालीपीठ समोर. ठाण्यात मी जाणार, पक्कं. पण आधी नाही. वऱ्हाडाची पानं वाढू देत. पहिला घास हातात येऊ दे, मग.