पाहुणीचा गुडघा

बाबा,

उद्या माझी फाइट आहे आणि आज संध्याकाळी वजन द्यायचंय, म्हणून कालपासून पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नाही. आई आत बांगडे तळतेय. मुद्दाम तळतेय. "मारामारीक जातंस काय उपासाक बसलंस?" असं मघाशी विचारून गेली आणि जाताना दार उघडं टाकून गेली. भुकेनं डोकं धड चालत नाही, सराव बंद आहे, झोपही येत नाही, तेव्हा म्हटलं तुम्हाला लिहावं. तुम्ही गेलात तेव्हा मी कबड्डी खेळत होते. आता पिंजऱ्यात लढते. पिंजरा म्हणजे चहूबाजूंनी जाळी, आत दोघीच, आणि ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं. आईला आधी हे सर्कशीतलं काम वाटायचं. आता तीच शेजारणींना माझा ठोसा हातवारे करून दाखवते, फक्त नेहमी चुकीच्या हातानं.

उद्याच्या बाईला आम्ही पाहुणी म्हणतो. ती मारत फारसं नाही. अंगाला भिडते, जाळीला दाबते, खाली ओढते आणि वर मुक्काम ठोकते. गणपतीत येऊन दसऱ्यापर्यंत न हलणारे नातेवाईक असतात ना, तशी. खालची बिचारी श्वास घेण्यातच दमून जाते. मागच्या दोन्ही फाइट मी अशाच अंगावर बसणाऱ्या बायकांकडून हरले. तिसरी हरले तर पुन्हा बोलावणं येणार नाही, हे आयोजकांनी फार गोड शब्दांत सांगून ठेवलंय. पस्तिशीला आलेल्या बाईला कोण किती वेळा संधी देणार? जोगेश्वरीला लहान मुलांना शिकवते, उपाशी मरणार नाही. पण बाबा, मला अजून लढायचंय. शिकवणं मला आवडतं, तरी दुसऱ्याच्या हाताला पट्ट्या बांधताना माझेच हात शिवशिवतात.

कोच माझ्याहून लहान आहे, घाटकोपरचा, मला ताई म्हणतो आणि ताई म्हणत म्हणतच झापतो. त्याचा बेत असा. पाहुणीला उंबरठ्यावरच थोपवायचं, पुढच्या हातानं मारत, बाजूला सरकत, सरळ मागे कधीच जायचं नाही. आलीच आत तर तिच्या बगलेत हात घालून तिला उभी ठेवायची, आपलं बूड टेकू द्यायचं नाही. आणि टेकलंच तर पाठ द्यायची नाही, कुशीवर वळून जाळी गाठायची आणि जाळीला पाठ घासत उठायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच दिवशी तो स्वतः पाहुणी झाला, माझ्या छातीवर आडवा पडला, आणि मी काय केलं असेल? उजवा हात डोक्यावरून लांब टाकला. त्यानं तो आयता धरून पिळला. सोडलं, पुन्हा पडला, पुन्हा माझा हात वर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या दोन्ही फाइट मी याच हातापायी घालवल्या होत्या.

"ताई, तिकडे काय आहे? बस पकडायचीय का?"

"रेषा," मी म्हटलं.

"कुठली रेषा यार?"

मग त्याला सांगावं लागलं. विक्रोळीची आपली खोली, पहिल्या पाळीहून तुम्ही चारला घरी यायचात, चहाच्या आधी मला लादीवर उताणी पाडायचात आणि वर आडवे व्हायचात. कारखान्याच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा तुम्ही, तुमच्या पकडीतून मोठमोठे गडी सुटले नाहीत. आणि मी सुटायचे. आपला उंबरठा म्हणजे मध्यरेषा. दम घेऊन, वळवळ करून, हात लांब टाकून मी उंबरठ्याला बोट लावते, आई ओट्यापाशी ओरडते, "डबे पडतले," आणि तुम्ही कपाळावर हात मारून म्हणता, "सुटला गो माझ्या हातातून." ही गोष्ट मी आजवर प्रत्येक जिममध्ये सांगितलीय. अकरा वर्षांची असताना मी एका नावाजलेल्या कोपऱ्याला हरवायचे.

कोच म्हणाला, दाखव. तसाच आडवा पडला. मी हलेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. मी म्हटलं, तू चुकीचा पडतोयस, बाबांचे गुडघे असे वर नसायचे, लादीवर असायचे, माझ्या दोन्ही बाजूंना. कोपरंसुद्धा खाली. त्यानं तसं केलं, आणि मी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाले. विजयानं त्याच्याकडे बघितलं तर तो हसतही नव्हता. म्हणाला, "ताई, दाबणारा माणूस गुडघा कधी टेकत नाही. गुडघा टेकला की वजन जमिनीवर जातं. हे दाबणं नाही, हे पांघरूण झालं."

मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ बाटली तोंडाला लावून उभी राहिले. इतक्या वर्षांनी कळलं. रडूही आलं आणि हसूही, कारण तुम्ही मला सोडत होतात, आणि तुमच्या त्या लाडानंच माझ्या उजव्या हाताची वाट लावून ठेवली होती.

पण मैदानावर तुम्ही लाड करत नव्हतात, हेही आठवलं. ती कबड्डीची मॅच, जिच्यात मी गडी मारून वळले आणि रेषेकडे पळत सुटले, आणि मागून कुणीतरी घोटा धरला. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "पाठ कित्याक दाखवलंस? तोंड तेंच्याकडे, पाय घराकडे." मी तुमच्या दहा पावलं पुढे चालत घरी निघाले. वाटेत तुम्ही दुकानात शिरलात आणि माझ्यासाठी गुडघ्याच्या पट्ट्या घेतल्यात, मोठ्या मापाच्या, वाढत्या अंगाच्या. अजून सरावाला त्याच घालते. कोचला मी ते वाक्य सांगितलं. तो म्हणाला, अरे, हाच तर बेत आहे, मी एवढा वेळ काय बोलतोय? तेव्हापासून सराव तेवढाच. कोपरं बरगड्यांशी, तोंड पाहुणीकडे, कंबर मागे मागे जाळीकडे. जाळी म्हणजे घर.

इथवर लिहून वजन द्यायला गेले होते. आता पुढचं लिहितेय ते फाइट झाल्यावर, एक डोळा सुजलाय आणि पोट बांगड्यांनी भरलंय.

पहिली फेरी पाहुणीची. उंबरठा ओलांडला, बसली, उठायचं नाव नाही. दुसरीत मी तिला उभीच ठेवली आणि नाकावर बरंच काही दिलं. तिसरीत दोघींचीही हवा गेलेली, आणि तिनं मला पुन्हा खाली नेलं. छातीवर सगळं ओझं, कानाशी तिचा श्वास. माझा उजवा हात वर जायला आसुसला होता, खरंच सांगते, बोटं हलली. कोच जाळीबाहेरून ओरडत होता, "थांब ताई, थांब." थांबले. दम धरला. आणि मग तिनं, दमून, क्षणभरच, माझ्या डाव्या कुशीशी गुडघा टेकला. ओझं गेलं. बाबा, ते मला इतकं ओळखीचं वाटलं की मी विचारच केला नाही. कुशीवर वळले, तोंड तिच्याकडे, मागच्या मागे सरकत जाळीला पाठ लावली आणि उठले. उरलेला वेळ मी तिला मारत होते आणि ती मला शोधत होती. दोन पंचांनी मला कौल दिला, एकानं तिला. आयोजक स्वतः येऊन पुढची तारीख विचारून गेले.

कोचनं विचारलं, गुडघा दिसला कसा? म्हटलं, दिसला नाही, कळला.

हे पत्र टाकायचं कुठे, तर कुठेच नाही. आपली चाळ पाडली, खोलीच्या जागी आता टॉवरच्या गाड्या उभ्या राहतात, पोस्टमन तरी काय करणार. शिवाय यात एक असं आहे जे मी कोचला सांगितलं नाही आणि आईला तर नाहीच. तुम्ही सोडत होतात हे मला आता कळलं, पण माझंही एक तुम्हाला कळलं नसावं. कधीकधी वाट मोकळी असायची, अंगाला समजायचं, तरी मी उंबरठ्याकडे निघत नसे. तुमच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा आणि घामाचा वास यायचा. आई ओट्यापाशी ओरडायची, "सोडा तिका आता," आणि मीच पडून राहिलेली असायचे.