ज्याचा त्याचा भाव

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यातलं दीड पान नुसत्या आकड्यांचं. तुझ्या बापाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि असा फुगला, की जणू ते गणित त्यानेच सोडवलंय. चौथीत शाळा सुटलेल्या आजीला असली पत्रं पाठवतेस, काय म्हणावं तुला?

मला समजलं ते असं. दोन देशांची तुलना नुसते पगार बघून करायची नाही, त्या पगारात तिथे काय काय येतं ते बघायचं. एवढं कळायला कॉलेज लागतं? मला ते बाजारच्या पिशवीने शिकवलं. पुढे तू लिहितेस, दरडोई उत्पन्न असं स्वस्ताई-महागाई धरून मोजलं की आपला देश यादीत एकदम वीस पायऱ्या वर चढतो. मी इथेच शिलाई मशीनवर बसले होते बाई, मला काही चढल्यासारखं वाटलं नाही. आणि ते दरडोई! माझ्या दुकानाच्या वर दातांचा डॉक्टर राहतो, त्याच्या दोन गाड्या. त्याची-माझी सरासरी काढलीस तर एक गाडी माझी. उद्या किल्ली मागायला जाऊ का?

बरं, देशांचं देश बघून घेतील. तू तेच गणित स्वतःच्या पगाराला लावलंस, तिथे माझं डोकं फिरलं. तिकडच्या दवाखान्यात रक्त तपासून मिळतं त्याच्या निम्माच पगार इथे मिळेल, पण इथे सगळं इतकं स्वस्त की शेवटी सारखंच, म्हणून एक तारखेला राजीनामा देणार म्हणे! आणि स्वस्त हे कशावरून? तर गेल्या महिन्यात तू मागितलीस आणि मी लिहून पाठवली, त्या भावांच्या यादीवरून. अगं, ते बाजारातले भाव नव्हते, माझे होते. केस कापण्यापुढे मी शून्य लिहिलं, ते काय सरकारने फुकट केलंय? समोरची केस कापणारी माझे कापते, मी तिच्या मुलींचे फ्रॉक शिवते. भाजीवाला मला निम्म्यात देतो, कारण त्याच्या पँटची चेन महिन्याला तुटते, तेवढं पोट आहे त्याचं. औषधवाला माझ्याकडून नफा घेत नाही, कारण त्याच्या आईला शेवटची दोन वर्षं मी उठवत-बसवत होते. चाळीस वर्षं लोकांच्या बाह्या आखूड-लांब केल्या, तेव्हा हे भाव पडतात. तू खांद्याला पर्स लटकवून उतरलीस की तोच भाजीवाला तुला सोलून काढेल. तुझ्या गणितात याचा रकाना कुठे होता?

तुझा बाप म्हणतो, येऊ दे की, पोरगी जवळ राहील. मी म्हटलं, तिथे तिला वर्षभरात वरच्या जागेवर घेणार आहेत, इथे येऊन काय तुझा चष्मा शोधत बसेल? तेव्हापासून माझ्याशी अबोला धरलाय. घर शांत झालं, तेवढाच फायदा.

आता हे का लिहितेय ते. फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. केस, भाजी, औषध मी विचार न करता लिहिलं, ती चूक. पण तू स्वतःसाठी खोलीचं भाडं विचारलं होतंस, तिथे मी चुकले नाही. मागच्या गल्लीतल्या घरमालकाला स्वतः जाऊन विचारलं. त्याने सांगितलेला आकडा विसरू नये म्हणून रस्ताभर पुटपुटत आले, आणि घरी बसून त्याच्या निम्मा लिहिला. हातसुद्धा अडखळला नाही. तू गेलीस त्याला सात वर्षं झाली. बाकी काही विचारू नकोस. खरं भाडं या पानाच्या मागे मोठ्या अक्षरात आहे. खाली घरमालकाची सही घेतलीय, कारण माझ्यावर आता तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवूही नकोस. राजीनामा देण्याआधी तो आकडा घालून गणित पुन्हा कर. त्यानंतरही यावंसं वाटलं, तर त्या भावाने ये.

तुझीच,
खोटारडी आजी