टोरीचं तेल

बाबा, ती मशीन मी बिघडवली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि आता लिहायला बसले तर वाचायला तुम्ही नाही. नसू द्या. असता तरी मध्येच हात वर करून 'बस झालं' म्हणाला असता आणि कात्री उचलून कापडाकडे वळला असता. आता तुम्हाला कुठं वळता येत नाही, तेव्हा निमूट ऐका.

नव्व्याण्णवचा हिवाळा. सालेकशाच्या आपल्या घरात, चुलीच्या खोलीत, खिडकीखाली आईची मशीन आहे. आईची म्हणतेय, तुमची नाही. दोन उन्हाळे रानात फिरून तिनं तेंदूपत्ता तोडला, पुडे बांधले आणि त्या मजुरीतून ती घेतली. तुम्ही बाजारातल्या दुकानात गड्यांचे शर्ट-पँट शिवायचात, ती घरी बायांची पोलकी शिवायची. तुमच्या मशीनवर ती कधी बसली नाही. मी नववीत होते. शाळेतून सुटले की तुमच्या दुकानात बसून काजं करायची, बटनं लावायची आणि तुम्ही मशीन उघडून साफ करायला घेतली की डोळे फाडून बघायची. एक दिवस आई विहिरीवर गेलेली असताना मी तिच्या मशीनची सुईखालची सरकपट्टी काढून आत डोकावले. पाहिलं फक्त, बाबा. स्क्रूला बोटही लावलं नाही. तुम्ही दारातून पाहिलंत आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पोलकं घेऊन बसते आणि चाक फिरत नाही. ती पायानं जोर लावते, पट्टा करकरतो, चाक जागचं हलत नाही. तुम्ही येता, दोनदा हातानं ओढून बघता आणि माझ्याकडे वळता. "तूनंच बिघडवली. पोरीच्या जातीनं कायले मशीन उघडाचं?" मी नाही म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. उघडूनही बघितलं नाही. चाळीस गावांचे कपडे शिवणारा माणूस, पण घरातली मशीन उघडून बघायला तुमच्याकडे अर्धा तास नव्हता. आठ दिवसांनी भंगारवाला आला, त्यानं काट्यावर ती तोलली आणि घेऊन गेला. आई सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत राहिली. त्या दिवसापासून तिला साबणाची वडी आणायची तरी तुमच्याकडे पैसे मागावे लागायचे. आणि मला दुकानात यायची बंदी झाली.

मग माझं लग्न झालं, गोंदियात आले, नवरा राईस मिलमध्ये. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मागच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका बाबूची बदली झाली आणि त्यांच्या अंगणात सगळं सामान विकायला मांडलं होतं. पलंग, कुकर, पोरांची सायकल आणि एका कोपऱ्यात काळी पायमशीन, तिच्या मानेवर सोनेरी वेलबुट्टी. घरमालकीण म्हणाली, "ये तो जाम है बहनजी, लोहे के भाव ले जाओ." मी चाकाला हात लावला. नाही फिरलं. मी ती घेतली आणि नवऱ्याला म्हटलं, हातगाडी बघा.

पहिल्या मशीनला मला एकवीस दिवस लागले. कोणी शिकवलं नाही. तुम्हाला बघून जेवढं डोळ्यांत राहिलं होतं तेवढंच भांडवल. स्क्रू काढला की कागदावर त्याची जागा काढून त्यावर ठेवायची. रॉकेलमध्ये फडकं भिजवून एकेक सांधा पुसायची. जोर लावायचा नाही हे मात्र माझं मी शिकले. जोर लावला की पुरुषासारखं वाटतं आणि दांडी वाकते. बाविसाव्या दिवशी चाक फिरलं, सुई खाली गेली, वर आली आणि मी घरात एकटी असताना मोठ्यानं हसले.

त्यानंतर मी थांबले नाही. भंगारवाल्यांकडे ढीग उपसते, आमगाव-देवरीच्या बाजारांत फिरते, बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या मशिनी उचलून आणते. कबाडी आधी खिदळायचे. आता जुनी मशीन आली की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. गिऱ्हाईक येतात, पडवीत उभे राहून विचारतात, मिस्त्री कुठं आहे. मी म्हणते, मीच. ते म्हणतात, नाही, मिस्त्री. मी म्हणते, मिस्त्री पाहिजे असेल तर दुसरीकडे जा, मशीन चालू पाहिजे असेल तर बसा. बहुतेक बसतात.

आणि मग एका जानेवारीत सालेकशाकडूनच एक मशीन आली. पूर्ण आखडलेली. खालून उलटी केली तर सांध्यासांध्यांत पिवळट मेण बसलं होतं, बोटाला चिकटलं. वास घेतला आणि लगेच ओळखला. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल. आपल्या घरी दिव्याला, पायांच्या भेगांना, कधी भाजीला जे वापरायचे, तेच. मशीनचं तेल संपलं की आपल्याकडचे लोक टोरीचं तेल टाकतात. उन्हाळ्यात चालतं. थंडीत तूप गोठतं तसं ते आत गोठतं आणि माणसाला वाटतं मशीन मेली. मी ती मशीन दुपारभर अंगणात उन्हात ठेवली. संध्याकाळी चाक एका बोटानं फिरलं. एका बोटानं, बाबा. तेव्हा आठवलं, आईची मशीन आखडली त्या आठवड्यात दुकानातली तेलाची कुपी संपली होती आणि आईच्या मशीनला तेल तुम्हीच घातलं होतंत, चुलीजवळच्या बाटलीतून. मी शेजारीच होते, बाटलीचं झाकण माझ्या हातात होतं.

मी त्याच आठवड्यात आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर तुमच्या नावानं बोटं मोडेल. ती हरभऱ्याची भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, पुढच्या थंडीत टोरीचंच तेल घातलेली दुकानातली मशीन अशीच आखडली, तुम्ही ती सकाळी बाहेर काढून ठेवली आणि दुपारी ती फिरली. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. मग म्हणाली, "त्याइले समजलं होतं वं. पण मानसाच्या तोंडातून निंघत नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पुढच्याच वर्षी माहीत झालं होतं. मी दहावीत होते, घरात होते, तुमच्या ताटात भाकर वाढत होते. माझ्या लग्नात तुम्ही तुमची चांगली कात्री फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत आणि काही बोलला नाहीत. आई म्हणते, ती त्याचीच माफी होती, समजून घे. नाही घेत समजून. कात्री चांगली आहे, रोज वापरते, पण कात्री म्हणजे बोलणं नव्हे. मला चार शब्द हवे होते. 'तू नव्हती, मी होतो.' एवढं बोलायला काय मोठी गोष्ट लागते? आईच्या मशीनचं पुढं काय झालं ते सोडा, माझं काय झालं? बारा-पंधरा वर्षं मी घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावताना घाबरत होते. मिक्सरला, रेडिओला, कुलपाला. माझ्या हातानं बिघडतं हे तुम्ही मला शिकवलं आणि ते खोटं आहे हे कळल्यावर गप्प बसलात. याची माफी नाही. तुम्ही कितीही दमलेले असाल, गरीब असाल, शिवून शिवून तुमचे डोळे गेले असतील, याची माफी नाही.

हे पत्र इथंच संपवणार होते. पण आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते.

या लग्नसराईत आमगावच्या एका घरची मशीन माझ्याकडे आली. नव्या सुनेनं माहेरून आणलेली, तिच्या आजीची. मी ती रॉकेलनं धुतली, जोडली आणि घाईत परत दिली. तिसऱ्या दिवशी सासूचा फोन आला, दोन पोलकी शिवून होताच चाक अडकलं. मी गेले. सासू कमरेवर हात ठेवून उभी, सून दारामागं. सासूनं विचारलं, काऊन बिघडली बाई? आणि माझ्या तोंडून निघालं, कोणीतरी चाक उलटं फिरवलं असेल. असं म्हणताना मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "मी तं अजून बसलीच नाही जी मशीनवर." सासू तिच्यावर खेकसली. मी स्क्रू काढून मशीन टेबलापासून सोडवली. मशीनचं डोकं मांडीवर घेऊन ऑटोनं स्टेशनवर आले, तिथून गाडीनं घरी. उघडलं. खालचा दांडा कोरडा ठणठणीत. रॉकेलनं धुतल्यावर सगळीकडे तेल द्यायचं असतं. खालच्या छिद्रांत मीच विसरले होते.

मी ती नीट केली आणि नवऱ्याच्या हाती पाठवून दिली. झाली म्हणून निरोप दिला. कोणामुळं बिघडली होती ते कळवलं नाही. परवा सासूचा फोन आला, खुश होती. मशीन एकदम मस्त चालते म्हणाली. आता कपाटामागं झाकून ठेवली आहे, सुनेला हात लावू देत नाही.

आमगाव इथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. मी जाणार आहे, बाबा. त्या सासूसमोर उभी राहून, सुनेला बोलावून घेऊन, ते चार शब्द बोलणार आहे. तुम्हाला जमलं नाही ते मला जमतं, हेच सांगायला मी लिहायला बसले होते.

मशीन परत पाठवली त्याला आज नववा दिवस आहे. अजून गेले नाही.