बारक्याचा फॉर्म

सोमवार, ४

ओ निगेटिव्हची एकही ताजी पिशवी नाही! रक्तपेढीचा फ्रिज रिकामा आणि वरून बाळांच्या आयसीयूतून फोनवर फोन — सात नंबरच्या बाळाला उद्या सकाळी रक्त हवं. नऊशे वीस ग्रॅमची पोर. साखरेचा पुडा हिच्यापेक्षा जड.

शेवटी बारक्याला बोलावलं. अडतीस वर्षांचा घोडा झाला तरी आमच्या घरात तो बारक्याच. सख्खा भाऊ, रक्तगट ओ निगेटिव्ह, दारू नाही, सिगारेट नाही, लग्नाचं नाव काढलं की पळतो — असा दाता दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. अर्ध्या तासात हजर!

फॉर्म मीच भरला. बत्तीस प्रश्न. याला काय विचारायचं? जन्मापासून ओळखते. आईच्या चष्म्याबद्दल बोलता बोलता नाही, नाही, नाही अशा खुणा करत गेले. "ताई, मी वाचून बघू का?" म्हणाला. म्हटलं, "वाचतोस कसला, सही कर. वर बाळ थांबलंय." केली सही बापड्यानं.

मंगळवार, ५

बारक्याच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ. एका पिशवीच्या चार छोट्या केल्या, चारही सात नंबरसाठी राखून ठेवल्या. एवढ्याशा जिवाला चार माणसांचं रक्त देण्यापेक्षा एकाचंच चार वेळा दिलेलं बरं. पहिली सकाळीच गेली. चौदा मिली — जेमतेम तीन चमचे!

दुपारी वर डोकावले तर ओठ गुलाबी झालेले. तिची आई काचेला नाक लावून उभी. "कुणाचं हो रक्त?" म्हणाली. सांगायचं नसतं, नाही सांगितलं. पण काय मिरवावंसं वाटलं मला!

गुरुवार, ७

दुसरी पिशवी गेली. वजन बारा ग्रॅमनं वाढलं. नर्स म्हणते, पोर आता हातपाय झाडायला लागली.

शनिवार, ९

जेवणाच्या सुट्टीत बारक्या आला. तोंड उतरलेलं. मला वाटलं आईचंच काहीतरी. जिन्याखाली नेलं तर म्हणतो, "ताई, एक बाई आहे. आठ महिने झाले."

मी हसलेच! म्हटलं, सुटलो एकदाचे!

"ऐक तरी. तिच्या ऑफिसात सगळ्यांचं रक्त तपासलं. तिला कावीळ निघाली. बी. आज कळलं."

बी म्हणजे रक्तातून पसरणारी. लागण नवी असली तर पहिले काही आठवडे आमच्या चाचणीत दिसतसुद्धा नाही. म्हणून तर फॉर्मवर तो प्रश्न असतो — वर्षभरात नवा जोडीदार? मी 'नाही'वर खूण केली होती. माझ्या हातानं.

चिडले त्याच्यावर. "बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

त्याच्या बोटाला टोचून पट्टीवर चाचणी केली. पंधरा मिनिटं थांबलो. दुसरी रेघ उमटली. पुसट, पण उमटली. मला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी ताप आला की माझ्याच मांडीवर झोपायचा हा. आणि हाच मला म्हणतो, "माझं राहू दे. बाळाचं काय?"

बाळासाठी इंजेक्शन आहे. पहिलं रक्त गेल्यापासून सात दिवसांच्या आत दिलं तर बहुतेक लागण टळते. जितकं लवकर तितकं बरं. म्हणजे फार तर मंगळवार. आयसीयूच्या डॉक्टरबाईंना सांगायचं, बस. तेव्हाच जिना चढायला हवा होता.

नाही चढले.

रविवार, १०

आज सांगायचं ठरवून गेले होते. वर पाय ठेवला तर डॉक्टरबाईच म्हणाल्या, "बरं झालं आलात, तिसरी पिशवी पाठवा." आणि माझ्या तोंडून निघालं — "फुटली मॅडम. चौथीसुद्धा."

"एकदम दोन? तुमच्याकडे?"

"हो."

खाली येऊन दोन्ही फेकल्या. दुसऱ्या दात्याचं पाठवलं. त्याला मात्र बत्तीसच्या बत्तीस प्रश्न मोठ्यानं वाचून विचारले. वैतागला बिचारा.

एकोणीस वर्षांची नोकरी. चौकशी बसेल. फॉर्मवर माझं अक्षर, खाली त्याच्या सहीशेजारी माझी सही. 'भावाचाच फॉर्म न विचारता भरला' — हे सगळ्या मजल्यांवर होईल. भीती वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त. पण त्या पोरीच्या अंगात काय चाललंय ते मला एकटीला माहीत आहे, आणि मी घरी येऊन कपडे घड्या करत बसले! कसली बाई आहे मी?

संध्याकाळी बारक्याचा फोन. "सांगितलंस?"

"उद्या."

"ताई, अगं —"

ठेवून दिला.

सोमवार, ११

रजा टाकली. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही. बारक्याचे फोन उचलले नाहीत.

मंगळवार, १२

आज सांगणारच होते — देवाशप्पथ! आठला पोचले तर बारक्या डॉक्टरबाईंच्या खोलीत बसलेला. बाळाला इंजेक्शन देऊन झालं होतं. मी दारात, आणि तो त्यांना सांगत होता, "ताईनं एकूण एक प्रश्न वाचून विचारला होता. खोटं मी बोललो."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "विचारलं होतंत?"

मी "हो" म्हटलं.