पेटीतलं जेवण

सासूबाई, तुम्ही ती पेटी बनवलीत त्या दुपारी मी मागच्या दारात उभी राहून शेजारणी बघत तर नाहीत ना, एवढंच बघत होते. लग्न होऊन मला जेमतेम काही महिने झाले होते. अंधेरीच्या आपल्या दोन खोल्यांना मागे परसू होतं आणि त्या परसात तुम्ही पदर खोचून, हातात हातोडी घेऊन बसला होतात. वाण्याकडून चहाचं मोठं लाकडी खोकं मागून आणलं होतंत. त्यात तुमच्या लग्नातली छोटी पत्र्याची ट्रंक बसवलीत, मधल्या फटीत वखारीतला लाकडाचा भुसा ठासून भरलात आणि झाकणाला आतून जुनी गोधडी ठोकलीत. बाजारात मासळीसाठी बर्फ नेणारी हातगाडी आपल्याच रस्त्याने जायची. तुम्ही तिला हाक मारून थांबवलंत. "मासळीला लागलेला नको हं, खालचा दे." गाडीवाला हसला, पण खालचाच दिला. गोणपाटात गुंडाळलेला तो तुकडा ट्रंकेत ठेवून तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आता बघ गंमत. एकदा शेगडी पेटवायची आणि दोन दिवस जेवायचं." तुमचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता. मी "हो" म्हटलं आणि आत गेले. शेजारच्या खिडकीत कुणीतरी होतं.

घर एका पगारावर चालायचं, हे मला कळत नव्हतं असं नाही. तुम्ही तरुणपणी विधवा झालात, मुलाला एकटीने वाढवलंत, आणि त्या वर्षांत जी काटकसर शिकलात ती तुमच्या हातातच राहिली. न्हाणीचं पाणी अळवाला, भांड्यांचं केळीला. मांडवावरच्या पडवळाला खाली दगड बांधायचात, म्हणजे ते सरळ वाढतं. भिंतींना चुना तुम्ही स्वतः लावायचात, स्टुलावर उभ्या राहून. पेटी झाल्यावर उसळ, आमटी, भाजी एकदम होऊ लागली आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं थोडं काढून तुम्ही आंघोळीच्या बंबाच्या उरलेल्या निखाऱ्यांवर गरम करायचात. कोळशाचं पोतं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरायचं. माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होत्या आणि उरलेलं अन्न रात्रीच कामवालीच्या डब्यात जायचं. पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुमच्या पेटीतली डाळ घातलेली पडवळाची भाजी मला आवडायची. मी मागून घेत असे, तुम्हांला आठवत असेल.

पहिल्या दिवाळसणाला मी माहेरी गेले, तेव्हा आई, वहिनी, मावशी मला गराडा घालून बसल्या. सासरचं विचारत होत्या. नवरा चांगला, सासू कजाग नाही, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पण मला कुणीतरी "अगं बाई गं" म्हणावं, जवळ घ्यावं असं वाटत होतं. म्हणून मी म्हटलं, "तिथे मला शिळं खायला घालतात." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीने माझ्या पानात आणखी एक करंजी वाढली. मी तेवढ्यावर खूश होते. दारापाशी बाबा उभे होते, ते मी पाहिलंच नाही.

मी परत आल्यावर बाबा एके दिवशी न कळवता आले. हे कामावर गेले होते. तुम्ही परसात तोंडलीच्या वेलाला आधार देत होतात, हात मातीने भरलेले. "या ना, बसा," तुम्ही म्हणालात. बाबा बसले नाहीत. परसाच्या दारातच उभे राहून, शेजारीपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, माझी मुलगी जड झाली असेल तर सांगा, घेऊन जातो. पण तिला शिळंपाकं घालू नका."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नव्हे. काहीतरी चुकून ऐकलं असेल, मी आता बोलेन आणि सगळं नीट होईल, अशा नजरेने. मी खाली जमिनीकडे बघत राहिले. एका वाक्याचं काम होतं, सासूबाई. "बाबा, तसं नाही हो," एवढंच. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

मग तुम्ही हात धुतलेत, शेगडी पेटवलीत आणि बाबांसाठी सगळा स्वयंपाक नव्याने केलात. अळूचं फदफदं, तोंडलीची भाजी, भात आणि तव्यावरच्या गरम पोळ्या. बाबा जेवले. दोनदा चांगलं झालंय म्हणाले. ते निघताना तुम्ही दारात जाऊन म्हणालात, "काळजी करू नका. तुमची मुलगी यापुढे या घरात शिळं खाणार नाही." ते गेल्यावर तुम्ही पेटीतली वाटी काढलीत आणि भिंतीकडे तोंड करून जेवलात.

त्या दिवसापासून आपल्या घरात तीन पानं मांडली जायची आणि त्यातल्या एकातच ताजं असायचं. तुम्ही आणि हे पेटीतलं खायचात. माझ्यासाठी मूठभर भात वेगळा, एवढीशी भाजी वेगळी. एकदा मी तुमच्या आधी उठून पेटीतली उसळ काढून घेतली. तुम्ही आलात आणि माझ्या हातातली वाटी अलगद काढून घेतलीत.

"ठेव ते."

"मला चालतं हो. खरंच चालतं."

"तुला चालेल गं. मी शब्द दिलाय. मला खोटं पाडू नकोस."

ह्यांनीही सांगून पाहिलं. "आई, पुरे ना आता. किती ताणायचं?" तुम्ही म्हणालात, "ताणतंय कोण? सुनेला गरम वाढते, त्यात काय वाईट आहे?" आणि खरंच वाईट काही नव्हतं. तुमच्या बोलण्यात कधी टोमणा आला नाही. मुलगा पोटात असताना तुम्ही माझ्यासाठी दोन्ही वेळा शेगडी पेटवलीत, भर उन्हाळ्यातसुद्धा. तुम्ही मला शिक्षा करत होतात की दिलेला शब्द पाळत होतात, हे मला तेव्हाही कळलं नाही. तुम्हांला तरी यातला फरक वाटत होता का?

तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा घर माझ्याकडे आलं. एका सकाळी तुमच्यासाठी मऊ भात टाकत होते, तर खोलीतून तुमचा आवाज आला, "माझ्या एकटीसाठी कशाला जाळतेस कोळसा? पेटीत बघ काहीतरी असेल." पेटीत काहीच नव्हतं. तुम्ही पडल्यापासून बर्फ आणायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, ट्रंकेच्या तळाला गंज धरला होता. मी "हो, बघते" म्हटलं आणि परसात बसून ताटलीतला वाफाळता भात वारा घालघालून निववला. मग तुम्हांला भरवायला आणला. पहिला घास जिभेवर ठेवून तुम्ही थोडा वेळ थांबलात. "ताजा आहे," म्हणालात. तेवढंच. आठवड्याभरात तुम्ही गेलात. त्या दोन शब्दांत काय होतं ते मी अजून शोधते आहे.

आता मी मुलाकडे राहते. सून बँकेत आहे. रविवारी ती आठवड्याच्या भाज्या, वाटणं करून फ्रीजरमध्ये डब्यांत भरून ठेवते आणि दर वेळी जरा बिचकत विचारते, "आई, तुम्हांला चालतं ना हे?" मी चालतं म्हणते. तिने गरम करून वाढलेलं सगळं खाते. ती मैत्रिणींना फोनवर सांगत असते, "माझ्या सासूबाई किती समजूतदार आहेत, कशाला म्हणून नावं ठेवत नाहीत." मी बाहेरच्या खोलीत ऐकत असते.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तुम्हांला पोचायचं नाही तर निदान तिला वाचायला द्यावं. पण देणार नाही. तिला मी चांगली वाटते, सासूबाई, आणि ते मला फार आवडतं.