मिऱ्यांचे डोळे

लालबाग, ८ जानेवारी २०२५

तीर्थरूप नलूआत्यांस,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मनूचं हिमोग्लोबिन आठ आलं. लोहाचं औषध पोटात टिकत नाही, उलटून पडतं. डॉक्टर म्हणाले, नाचणी, खजूर, बीट द्या. वीस तारखेला पुन्हा रक्त तपासू. आणखी उतरलं तर दाखल करून शिरेतून लोह द्यावं लागेल. सहा वर्षांच्या मुलीला हे कसं समजवायचं?

म्हणून रोज डबा सजवते. नाचणीच्या डोशाचा ससा, गाजराचे कान, मिऱ्यांचे डोळे. बीट घातलेल्या इडलीचं मांजर. शाळेतल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर फोटो टाकले, फार कौतुक झालं. डबा मात्र तसाच परत येतो. काल विचारलं तर म्हणाली, ससा माझ्याकडे बघत होता, कसा खाऊ?

हितेंद्रला हसू आलं. मला नाही आलं. तुमचा लोभ आहेच. या दिवसांत तो थोडा जास्त लागेल.

तुमची,
मेघना

गिरगाव, १३ जानेवारी

चि. सौ. मेघना हिला अनेक आशीर्वाद.

अगं, डब्यात राणीची बाग भरवलीस, मग पोर प्राणी बघणार की खाणार? आमचा हितेंद्र, तुझा नवरा, या वयात बांगड्याच्या डोक्यासाठी बहिणीशी मारामारी करायचा. दिवाळीनंतर आलात तेव्हा मनूने माझ्या ताटातलं डोकं पळवलंन की नाही? तिला मासे घाल, आणि डोसा आपला साधा गोल. शिकलेली आहेस म्हणून फार विचार करतेस. त्यात तू वाळलीस तर तुला कोण सजवून वाढणार?

थंडीने गुडघे धरलेत, नाहीतर मीच आले असते. मनूचा पापा घे, आणि म्हातारीला आठवणीत ठेवा.

नलूआत्या

लालबाग, १९ जानेवारी

तीर्थरूप नलूआत्यांस, शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी बांगडे तळले. डोकं मनूलाच वाढलं. तिने त्यावर वाटी पालथी घातली आणि रडायला लागली. हा पण बघतोय, म्हणाली. इतकं आवडीने खायची, तेही गेलं. हे मी केलं, आत्या. अन्नाकडे तसं बघायला मीच शिकवलं. आणि ते ससे मी तिच्यासाठी करत होते की ग्रुपवरच्या कौतुकासाठी, हे आता मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

काल फोटो न काढता साधा गोल डोसा दिला. तिने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग हळूच विचारलं, आई, याचे डोळे तू काढलेस का? मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं, पण तिला पटलं नाही. डोसा रुमालात गुंडाळून तिने उशीशी नेऊन निजवला.

उद्या सकाळी आठला रक्त द्यायचं आहे. पीठ भिजवून ठेवलंय; त्याचं काय करू, कळत नाही. रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
मेघना