कळसाचा मुलामा

कल्याण, पौष शु. ५, शके १८१०

ती. दादांस गोदेचा शि. सा. न. वि. वि. येथील क्षेम म्हणवत नाही.

इकडची स्वारी देवळाच्या कळसाला सोन्याचा मुलामा चढवते आहे. शिमग्याच्या आत काम द्यायचे. कसब कोणी पाहू नये म्हणून सोनार दार लावूनच बसतो, पण आता खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबल्या आहेत. त्यांचे हात कापतात, लाळ गळते. जेवताना तोंडाला तांब्याची चव येते, म्हणून मी विष कालवते असे म्हणतात. सासूबाई मला माहेरी धाडायला निघाल्या आहेत. हा डाग घेऊन बाहेर पडले तर पुन्हा घरात घेणार नाहीत. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर, डॉक्टरांना विचारा. धाकटीला अंतर देऊ नये.

ठाणे, पौष शु. १०

चि. सौ. गोदास मधूचे अनेक आशीर्वाद.

माझ्या पानातले लाडू पळवणारी तू, विष कसले कालवतेस? डॉक्टरांनी एवढेच विचारले, की गुणाजीरावांचा धंदा कोणता. सोने पाऱ्यात कालवून कळसाला लावतात आणि शेगडीवर पारा उडवतात, हे सांगताच म्हणाले, तो धूर डोक्यात जातो आणि माणूस घरच्यांवरच संशय घेतो. काम थांबवा, खिडक्या उघडा, उतार पडेल. देवऋषी आणू नकोस. रविवारी येतो. माया आहेच.

कल्याण, पौष व. ४

ती. दादांस शि. सा. न.

रविवारी तुम्हांला ओसरीवरून परत धाडले, मला फार लागले. पाऱ्याचे नाव काढताच म्हणाले, बहीणभावाने कळस दुसऱ्या सोनाराला द्यायचा कट केला आहे. पण मी तोड काढली. रांधतात सासूबाई, मी आत बसून भाता चालवते. दिवसभर डोळ्यांसमोर असले की विष कोण घालणार? काल मला नावाने हाक मारली. किती बरे वाटले म्हणून सांगू. खिडकीचे बोलायची मात्र छाती होत नाही. लोभ ठेवालच.

ठाणे, पौष व. ७

गोदे, मायना लिहायला सवड नाही. आजच्या आज त्या खोलीतून बाहेर पड. त्यांना चढला तसा तो धूर तुलाही चढेल. मी उद्या येतो.

कल्याण, फाल्गुन शु. २

रा. रा. मधुसूदन विठ्ठल यांस,

आपण तीनदा आलात, आम्ही दार उघडले नाही. पत्रेही पोचली. हात हलतो, अक्षर लागले नाही तर इलाज नाही. काम बंद पाडायची आपल्यालाच एवढी घाई का, ते आम्हां दोघांना उमगले आहे. त्या दुसऱ्या सोनाराने आपल्याला काय कबूल केले? सासूबाईंच्या हातचे आम्ही खात नाही. काल त्यांना धाकट्या दिराकडे पोचवले. आता मला माहेरी धाडा असे म्हणणारे घरात कोणी नाही.

सौ. गोदा